रुईची वाघीण

शकुंतला रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाची जन्मपत्रिका वऱ्हाडात पुष्कळांना पाठ आहे. १९२१ साली मँचेस्टरला घडलं, १९२३ मध्ये रुळांवर आलं, १५ एप्रिल १९९४ ला डिझेलला जागा देऊन बाजूला झालं. सत्तर वर्षं त्याने ज्या वाघिणी, म्हणजे मालडबे, ओढल्या, त्यांची पत्रिका मात्र कोणी मांडलेली नाही. वास्तविक यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही लाइन घातली गेली ती रुईच्या गाठींसाठी. माणसं त्या गाठींच्या जोडीने जात राहिली, एवढंच.

वाघिणीचं मूळ शोधत गेलं की बैलाच्या पाठीशी येऊन थांबावं लागतं. विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडची रुई मुंबईला धाडली, ती पाचशे बैलांवर लादून. एका बैलावर साधारण शंभर किलो. त्या काळी बराच माल उलट्या दिशेने जाई. अमरावतीहून आठशे किलोमीटरवर मिर्झापूर, तिथून गंगेतल्या नावांनी कलकत्ता. १८४२ मध्ये एकाच व्यापाऱ्याने या वाटेने एक लाख बैल लादून पाठवले, असं जुन्या गॅझेटियरात म्हटलं आहे. आकडा इतका गोल आहे की थोडा हात राखूनच घ्यावा. पण तो निम्मा धरला तरी रस्त्यावरची धूळ आणि त्या धुळीत माखत जाणारी सैल रुई डोळ्यांपुढे येते. वाटेत पावसाने गाठलं तर मालाची किंमतच उतरायची.

मग अमेरिकेत यादवी पेटली. १८६१ ते १८६५ लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि सगळ्यांच्या नजरा वऱ्हाडाकडे वळल्या. जी.आय.पी. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. मात्र तिचा मुख्य रस्ता अमरावती आणि खामगाव या दोन्ही मोठ्या कापूसपेठांना बगल देऊन गेला होता. म्हणून जलंबहून खामगावला आठ मैलांचा फाटा टाकला. १८७० मध्ये तो उघडायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आले. बडनेऱ्याहून अमरावतीचा सहा मैलांचा फाटा १८७१ चा. आठ मैलांसाठी व्हाइसरॉय येतो, यावरून कापसाचा भाव काय होता ते समजावं.

रेल्वे आली आणि एक नवीच अडचण उभी राहिली. सैल रुईने वाघीण काठोकाठ भरते, पण वजन काही भरत नाही. भाडं भरून वारा न्यायचा असा तो प्रकार. त्यामुळे जिनिंगच्या शेजारी प्रेस आले, आणि प्रेस स्टेशनाच्या जवळ आले. सरकी वेगळी काढलेली रुई दाबून, पट्ट्यांनी आवळून तिची चौकोनी गाठ व्हायची. इंग्रजी अमदानीतली गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे १७८ किलो. आजची १७० किलोंची धरतात. शंभर-सव्वाशे वर्षांत हे माप फारसं हललेलं नाही. वाघीण चारी बाजूंनी बंद हवी, कारण पुढे कोळशाचं इंजिन ठिणग्या उडवत चाललेलं असे, आणि रुईला एक ठिणगी पुरते. दार लावायचं, शिशाचं सील ठोकायचं, बिल्टी हुंडेकऱ्याच्या हाती द्यायची. मालाची पुढची सगळी देवघेव त्या कागदावर चाले.

शकुंतलेची गोष्ट याच्यापुढची. किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूरहून एक फाटा ७६ किलोमीटर अचलपूरला, दर्यापूर-अंजनगाववरून. दुसरा ११३ किलोमीटर यवतमाळला, कारंजा-दारव्ह्यावरून. रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी ही लाइन कंपनीच्याच नावावर राहिली. त्यावरून ‘अजून इंग्रजांच्या ताब्यातली रेल्वे’ अशी बातमी दरवर्षी कुठे ना कुठे छापून येते. ती चटकदार आहे, पण खरी नाही. किलिक निक्सन केव्हाच भारतीय हातांत आली आहे.

लाइन नॅरोगेज, ७६२ मिलिमीटरची. मुख्य रस्ता ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटरचा. दोघांत बरोबर तीन फुटांचा फरक. म्हणजे दारव्ह्यात भरलेली वाघीण मुंबई कधीच पाहणार नाही. मूर्तिजापूरच्या मालधक्क्यावर तिचं दार उघडायचं आणि प्रत्येक गाठ हमालांनी मोठ्या वाघिणीत सरकवायची. अकोल्यात तर मीटरगेज हे तिसरंही माप होतं. स्वस्तात लाइन टाकली, तिची किंमत वर्षानुवर्षं हमालांच्या पाठीने चुकवली, असं मला वाटतं.

या वाघिणीतली सगळ्यात गंमतीची वस्तू चाकाशी असते. जुन्या वाघिणींना आजच्यासारखी रोलर बेअरिंगं नव्हती. आसाच्या टोकावर पितळी बेअरिंग बसे, वर लोखंडी खोकं, आणि त्या खोक्यात तेलात भिजवलेलं सूत कोंबलेलं. कारखान्यात आजही त्याला नुसतं ‘वेस्ट’ म्हणतात. तेल आटलं की आस तापायचा, धूर निघायचा, आणि तेवढी वाघीण तोडून बाजूला काढावी लागे. म्हणून थांब्यावर तेलवाला खोक्यांची झाकणं उघडत पाहत जायचा. थोडक्यात, रुईची गाडी सुतावरच चालत होती.

ट्रक आले आणि गाठी रस्त्याने जाऊ लागल्या. शकुंतलाही थांबली. ब्रॉडगेजच्या घोषणा झाल्या, आंदोलनं झाली. बडनेऱ्याला आता वाघिणींच्या दुरुस्तीचा कारखाना आहे, पण तो साठ-साठ टन वाहणाऱ्या आजच्या पोलादी वाघिणींसाठी. जुनी वाघीण मोडीत निघते तेव्हा आधी पितळ जातं, मग चाकं. वरचा डबा उरलाच तर त्याची सामान ठेवायची खोली होते. इंजिनाला निदान रंग लावून चौथऱ्यावर बसवतात.

नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. ते मुख्यतः सातपुड्याकडच्या लाइनींचं. म्हणजे जुन्या वाघिणी जपण्याचं काम होण्यासारखं आहे. वऱ्हाडात करायचं तर मूर्तिजापूरलाच करावं. धक्क्याच्या एका अंगाला नॅरोगेजची वाघीण, दुसऱ्या अंगाला ब्रॉडगेजची, मधे चार गाठी. दोन वाघिणी समोरासमोर उभ्या केल्या की मापांचा घोटाळा फलक न लावताही कळेल. आणि नवा रंग फासायची घाई नको. वाघिणीच्या अंगावर रेल्वेची अक्षरं, रिकाम्या डब्याचं वजन, किती माल वाहायचा तो आकडा आणि दुरुस्तीची तारीख लिहिलेली असते; तेवढाच तिचा दाखला, आणि ब्रशच्या एका फटकाऱ्यात तो जातो. गंज खरवडा, अक्षरांना हात लावू नका. चाकांची खोकी उघडी ठेवा आणि त्यांत ताजं वेस्ट भरा. ते कुठून आणायचं, हे मूर्तिजापुरात कोणाला विचारावं लागणार नाही.