लाखेचा वारस: बेकेलाइटच्या रेडिओची कुळकथा

विसाव्या शतकाच्या आरंभी विजेचा वापर वाढला, तशी लाखेची मागणीही वाढली. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर किडे जी राळ तयार करतात, ती लाख. ती वीज अडवते, म्हणून उपकरणांच्या भागांना तिचा लेप देत. मोठा पुरवठा भारतातून होई. पण किड्यांना घाई करता येत नाही, त्यामुळे भाव चढत गेले.

या लाखेला पर्याय शोधायचं मनावर घेतलं लिओ बेकलंड यांनी. १८६३ साली बेल्जियममधल्या गेंट इथे जन्मलेले हे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत स्थायिक झाले होते. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड एकत्र आले की राळ होते, हे आडोल्फ फॉन बायर यांनी १८७२ मध्येच नोंदवलं होतं. पण ती राळ भांड्याला चिकटे, फुगे धरे, कशाच्याही कामी येत नसे. योंकर्सच्या आपल्या प्रयोगशाळेत बेकलंड यांनी उष्णतेला दाबाची जोड दिली. दाबाखाली वाफेला फुगे करता आले नाहीत आणि १९०७ मध्ये एकसंध, कठीण बेकेलाइट हाती आलं. १९०९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं.

लाख तापवली की वितळते. बेकेलाइट मात्र भाजलेल्या मडक्यासारखं: एकदा पक्कं झालं की पुन्हा मऊ होत नाही. व्हॉल्वच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांच्या, रेडिओला हाच गुण हवा होता. व्हॉल्व तापल्याशिवाय काम करत नाही आणि घरच्या विजेवर चालणाऱ्या सेटमध्ये त्याला शंभराहून जास्त व्होल्ट लागतात. म्हणून आधी व्हॉल्वचे तळ आणि फिरवायच्या घुंड्या बेकेलाइटच्या झाल्या, मग १९३०च्या दशकात अख्खी पेटीच.

लाकडी पेटीला सुतार, सांधे, पॉलिश लागे. राळेत लाकडाचा भुसा मिसळलेली पूड तापलेल्या पोलादी साच्यात दाबली की काही मिनिटांत पेटी तयार होई. साचा महाग असल्याने हा धंदा मोठ्या खपावरच परवडे. जर्मनीत १९३३ मध्ये बेकेलाइटच्या पेटीतला स्वस्त ‘फोल्क्सएम्फेंगर’ रेडिओ आला. नाझी राजवटीने त्यातून आपला प्रचार घरोघरी नेला. इंग्लंडमध्ये १९३४ साली वेल्स कोट्स यांनी आखलेला एको कंपनीचा एडी-६५ हा गोल रेडिओ आला. लाउडस्पीकर गोल, त्याला धरून स्टेशनांची तबकडीही अर्धगोल. पेटीला कोपऱ्यांची गरजच उरली नाही. सुताराला जड गेला असता असा आकार साच्याने सहज दिला.

आपल्याकडे मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं होतं. पुढे मर्फी, फिलिप्स, नॅशनल-एको ही नावं मराठी घरांत रुळली. त्यातले बेकेलाइटचे सेट आजही कुणाकुणाच्या माळ्यावर सापडतात.

असा सेट सापडला की लगेच प्लग लावू नये. व्हॉल्व बहुधा शाबूत असतात. दगा देतात ते कंडेन्सर. मेणकागदाचे वीज झिरपू देतात, इलेक्ट्रोलिटिक सुकतात. ते बदलल्यावर सिरीजमध्ये दिवा जोडून सेट तपासावा. दिवा लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. एसी-डीसी सेटच्या चासिसमध्ये, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यात, थेट मेन्सची वीज असू शकते, तेव्हा हे काम जाणत्याच्या हातूनच व्हावं.

पेटीची निगा वेगळी. वरचा चकचकीत थर उन्हाने झिजला की खालचा भुसा उघडा पडतो आणि रंग विटतो. पेटी पाण्यात बुडवू नये; किंचित ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडी करावी, मग मऊ पॉलिश लावावं. पॉलिशपेपरने घासणं टाळावं, कारण काही मालात ॲस्बेस्टॉसही मिसळत आणि त्याची धूळ घातक असते.

कंडेन्सर नवा मिळतो, व्हॉल्वही शोधला तर मिळतो. फुटलेली पेटी मात्र वितळवून पुन्हा घडवता येत नाही. ज्या गुणाने बेकेलाइटने लाखेला मागे टाकलं, तोच गुण इथे आड येतो. म्हणून दुरुस्तीची सुरुवात पेटीपासून करावी: मऊ कापड अंथरावं, आधी घुंड्या उतरवाव्यात, तळाचे स्क्रू सैल करावेत आणि चासिस जोर न लावता बाहेर काढावी.