धर्माबाद : सीमा चालत आली ते गाव



आपल्या पेडगाव स्टेशनावरून जाणारा लोहमार्ग परभणी, पूर्णा, नांदेड, मुदखेड, उमरी असा पुढे जातो. महाराष्ट्राच्या हद्दीतील त्याचे अखेरचे मोठे गाव म्हणजे धर्माबाद. त्यानंतरचे बासर तेलंगणात. बासर सोडले की गोदावरीचा पूल, आणि पलीकडे निजामाबादचा मुलूख.

सीमेवरचे गाव म्हटले की ते सीमेवर वसले असावे, असे आपण धरून चालतो. धर्माबादची गोष्ट उलटी आहे. गाव होते तिथेच राहिले. सीमा त्याच्याकडे चालत आली. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद मार्ग झाला, तेव्हा धर्माबाद त्या राज्याच्या पोटात होते. १९४८ साली निजामी संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना होऊन हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही महसुली मंडळे आंध्र प्रदेशात गेली. धर्माबादकडचा भाग मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात राहिला. २०१४ साली तेलंगण झाले. शेजारच्या राज्याचे नाव पुन्हा बदलले, शेजारी मात्र तेच.

रेषा भाषेवर आखली. पण भाषा काही रेषेपाशी थांबत नाही. मुधोळ-भैंशाकडे आजही मराठी बोलणारी घरे आहेत, धर्माबादेत तेलुगू बोलणारी आहेत, आणि बाजारात दखनी उर्दू दोघांनाही उपयोगी पडते. मुलाला पहिले अक्षर गिरवायला लावण्यासाठी इकडची मराठी आई बासरच्या सरस्वतीकडेच जाते.

या गावाचे नाव झाले ते लाल मिरचीने. तेलंगण-आंध्राकडची मिरची इथे येते, तिची पूड होते आणि ती दूरदूर जाते. पोत्याला भाषा विचारावी लागत नाही. माल दोन्हीकडे फिरतो, भाव बघून थांबतो. परंतु पोते पाठीवर घेणारा हमाल आणि खाट्याने खोकत देठ खुडणारी बाई यांचे काय? महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. ओझे उचलणाऱ्याची मंडळाकडे नोंद व्हावी, मजुरी मंडळामार्फत मिळावी, भविष्यनिर्वाह निधी असावा, ही त्याची रीत. हा कायदा राज्याच्या वेशीवर संपतो; आणि वेशीच्या आतही, ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी तो कागदावरच राहतो. व्यापाराला दोन बाजारपेठा मिळाल्या. श्रमाला दोन्हीकडचे संरक्षण मिळाले असे म्हणता येत नाही.

पाण्याचेही तसेच. धर्माबाद तालुक्यात बाभळी येथे गोदावरीवर बंधारा आहे. खाली तेलंगणात पोचमपाडचे श्रीरामसागर धरण. दोन राज्यांचा तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ साली निकाल लागला. त्यानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याची दारे उघडी ठेवावयाची. म्हणजे नदी भरून वाहते तेव्हा पाणी पुढे जाणार. पाऊस सरल्यावर उरेल ते अडवावयाचे. त्यातूनही १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट खाली सोडावयाचे. खालच्या शेतकऱ्यालाही तहान आहे, हे मी नाकारीत नाही. पण वरच्या शेतकऱ्याने डोळ्यांदेखत वाहून जाणारे पाणी किती वर्षे मोजावे?

पुढे या भागातील काही गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली, तेव्हा अनेकांनी त्यांच्या मराठीपणाविषयी शंका घेतली. ती शंका अन्यायाची आहे. शेजारच्या शिवारात शेतीला मिळणारी वीज आणि पैसा बांधावरून दिसतो. माणूस भाषेवर प्रेम करतो, पण पोट बांधाच्या दोन्ही बाजूंचा हिशेब करते.

भाषावार राज्य मिळविण्यासाठी लोकांनी रक्त सांडले, ते योग्यच होते. पण त्या राज्याची परीक्षा मुंबईत होत नाही. ती शेवटच्या स्टेशनावर होते. तिथल्या हमालाची नोंद झाली आणि तिथल्या विहिरीला पाणी राहिले, तर रेषा कुठेही असो, कोणी ती ओलांडून जाऊ म्हणणार नाही.