पटाबाहेरचे खेळाडू

बुद्धिबळ हा दोघांचा खेळ म्हटला जातो. पण पटाजवळ तिसरा माणूस नेहमीच असतो. वाड्याच्या ओसरीवर पट मांडला गेला, की दोघे खेळत आणि चौघे पाहत. पाहणाऱ्यांनी बोलू नये, असा संकेत असे. तो पाळणे मात्र कठीण. खेळणाऱ्याने घोड्याला हात घालावा आणि मागून कोणी तरी नापसंतीचा हुंकार द्यावा, हे दृश्य जुन्या पिढीला अपरिचित नाही. या न खेळणाऱ्या खेळाडूचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. वास्तविक गेल्या दोनशे वर्षांत पटावरील मोहऱ्यांपेक्षा त्याच्याच स्थितीत अधिक बदल घडून आले आहेत.

पहिला बदल छापखान्याने घडविला. युरोपीय पद्धतीच्या बुद्धिबळावरील त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा ग्रंथ १८१४ मध्ये मुंबईस इंग्रजीत प्रसिद्ध झाला. खेळी कागदावर उतरली, की डाव पाहण्यासाठी पटाजवळ हजर असण्याची आवश्यकता उरत नाही. १८२८-२९ मध्ये मद्रास आणि हैदराबाद यांच्यात पत्राने सामना खेळला गेला व त्याचे डाव १८२९ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. प्रत्येक खेळीसाठी टपालाची वाट पाहावी लागे. वाट पाहणे हाच त्या काळी खेळाचा मोठा भाग होता.

पुढे हे काम वृत्तपत्रांनी केले. १९७२ च्या उन्हाळ्यात आइसलंडमधील रेक्याविक येथे बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की यांच्यात जगज्जेतेपदाची लढत झाली, तेव्हा बुद्धिबळ जगभर पहिल्या पानावर आले. त्या काळी अपुरा डाव तहकूब ठेवून दुसऱ्या दिवशी पुढे खेळण्याची प्रथा होती. ३१ ऑगस्टला एकविसावा डाव असाच तहकूब झाला. जगभरचे रसिक त्या स्थितीवर विचार करू लागले. आणि दुसऱ्या दिवशी स्पास्कीने दूरध्वनीवरूनच हार मान्य केली. फिशर १२॥–८॥ गुणांनी जिंकला. वाचनालयात वृत्तपत्र उघडून, शेजारी पट मांडून, छापलेल्या खेळ्या एकेक करून खेळून पाहणारा वाचक हा त्या काळचा खरा प्रेक्षक होय. निकाल शिळा असे, परंतु त्याचा विचार ताजा असे.

१९९५ मध्ये ही उत्कंठा भारतीयांच्या घरची झाली. ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या १०७ व्या मजल्यावर विश्वनाथन आनंद आणि गॅरी कास्पारोव्ह यांचा सामना सुरू झाला. पहिले आठ डाव बरोबरीत सुटले आणि नववा आनंदने जिंकला. न्यूयॉर्कचा दिवस म्हणजे आपली रात्र. त्यामुळे आनंदची आघाडी आपल्याकडे कळली तेव्हा डाव केव्हाच संपलेला होता. दहावा डाव कास्पारोव्हने जिंकला आणि अखेरीस सामनाही १०॥–७॥ असा त्याच्याच पदरात पडला. दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याच कास्पारोव्हला ‘डीप ब्लू’ या संगणकाने सामन्यात हरविले. त्या दिवशी केवळ जगज्जेताच हरला नाही. प्रेक्षकाचे स्थानही बदलले, हे पुढे ध्यानात आले.

कारण तो संगणक यथावकाश प्रत्येकाच्या खिशात आला. पटावरची खेळी आता क्षणात जगभर दिसते आणि शेजारची पट्टी वरखाली होऊन कोणाचे पारडे जड आहे ते सांगते. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे डिंग लिरेन आणि डी. गुकेश यांच्या लढतीचा चौदावा डाव बरोबरीकडे झुकला होता. पंचावन्नाव्या खेळीला डिंगने हत्ती चुकीच्या घरात नेला. ती चूक लक्षावधी प्रेक्षकांना तत्क्षणी कळली. समोर बसलेल्या गुकेशला ती उमगण्यास काही क्षण जावे लागले. पाहणाऱ्याला खेळणाऱ्याच्या आधी सत्य कळावे, असे त्या ओसरीवर क्वचितच घडले असेल.

या नव्या प्रेक्षकत्वाची खरी कसोटी मराठी मनाला जवळच्या एका लढतीने घेतली. १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेले नागपूर इंदूरकरांना परके नाही. त्याच नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचली. वाटेत तिने चीनच्या माजी जगज्जेत्या तान झोंगयीला १०१ खेळ्यांच्या डावात नमविले होते. अंतिम फेरीत समोर होती कोनेरू हंपी. दिव्याचा जन्म २००५ चा. हंपी त्याच्या तीन वर्षे आधीच, २००२ मध्ये, ग्रँडमास्टर झालेली. नोना गाप्रिंदाश्विली आणि माया चिबुर्दानिद्झे या जगज्जेत्यांच्या देशात दोन भारतीय स्त्रिया समोरासमोर बसल्या होत्या.

दोन्ही प्रदीर्घ डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डावांवर निर्णय यायचा होता. पहिला ८१ खेळ्यांनंतर पुन्हा बरोबरीत. दुसऱ्या डावात दिव्याकडे काळी मोहरी होती. घड्याळातील मिनिटे सरत गेली आणि शेवटी खेळ प्रत्येक खेळीला मिळणाऱ्या दहा सेकंदांच्या आधारावर आला. संधी आल्या आणि निसटल्या. पट्टी वरखाली होत राहिली. घरोघरी पाहणारे हळहळत होते, कारण अचूक खेळी त्यांना पडद्यावर दिसत होती. ७५ व्या खेळीनंतर दिव्या जिंकली आणि आईच्या मिठीत रडली. या एका विजेतेपदाने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, स्त्रियांमध्ये चौथी.

पट्टी पाहून हळहळणाऱ्याला त्या अश्रूंचा अर्थ कितपत कळला असेल? यंत्र चूक दाखविते. ती चूक टाळणे किती अवघड होते, हे दाखवीत नाही. एकोणीस वर्षांची मुलगी आणि अडतीस वर्षांची अनुभवी खेळाडू, दोघींच्याही पुढ्यात ती पट्टी नव्हती. पुढ्यात होते घड्याळ आणि स्वतःचे मन. त्यांच्या चुकांना हसण्याचा अधिकार ज्याने ती खेळी स्वतः शोधून पाहिली त्यालाच. आणि त्याने ती शोधली, तर तो बहुधा हसणार नाही. कविता न वाचता मार्गदर्शक पुस्तकातील रसग्रहण पाठ करणारा विद्यार्थी उत्तर बरोबर लिहितो, पण कवितेला मुकतो. यंत्राच्या आकड्यावर विसंबणाऱ्या रसिकाची गत काही निराळी नाही.

यावर उपाय जुनाच आहे. बातुमीचे ते डाव आजही खेळीखेळीने उपलब्ध आहेत. पट मांडावा, पट्टी झाकावी, पुढची खेळी स्वतः शोधावी आणि मगच दिव्याची वा हंपीची खेळी पाहावी. वृत्तपत्र उघडून पटाशी बसणारा वाचनालयातील तो वाचक हेच करीत असे. बातमी त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचे. डाव मात्र पूर्ण पोहोचे.