रक्तातून फुप्फुसात होणारे संरक्षक प्रथिनांचे वहन

प्रतिपिंडे, अल्फा-१ अँटिट्रिप्सिन यांसारखी रक्तातील संरक्षक प्रथिने केशवाहिन्यांची भिंत ओलांडून फुप्फुसाच्या ऊतकात आणि वायुकोशांना आतून ओले ठेवणाऱ्या द्रवाच्या थरात पोहोचतात, ती प्रक्रिया. ही प्रथिने बहुतांशी फुप्फुसाबाहेर तयार होतात. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन मुख्यतः यकृतात बनते, तर रक्तातील बहुतेक प्रतिपिंडे अस्थिमज्जा, प्लीहा व लसीकाग्रंथी यांमधील प्लाझ्मा पेशी बनवतात. त्यामुळे रक्तात पुरेसे प्रथिन असणे ही फुप्फुसाच्या संरक्षणाची पहिली अट असली, तरी पुरेशी अट नव्हे.

अडसर : रक्त आणि वायुकोशातील हवा यांच्यामध्ये जेमतेम अर्धा मायक्रोमीटर जाडीचा पडदा असतो. त्यात केशवाहिनीचा अंतःस्तर, पायाभूत पटल आणि वायुकोशाचा अधिस्तर येतात. प्राणवायू व कार्बन डायऑक्साइड त्यातून सहज ये-जा करतात. प्रथिनांची गोष्ट वेगळी. केशवाहिनीच्या पेशींमधील सांधे काहीसे सैल असल्याने थोडी प्रथिने तिथून ऊतकात पाझरतात, पण अधिस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. अधिस्तराचे हे सांधे कायम सैल राहिले तर वायुकोशात पाणी भरेल. तीव्र न्यूमोनियात नेमके तसेच होते: दाहामुळे सांधे उसवतात आणि रक्तातील प्रथिनांसोबत द्रवही आत शिरतो.

पेशीपार वहन : मोठ्या प्रथिनांसाठी पेशीच वाहतूक करते. पेशीपटलाचा छोटा भाग आत वळून त्याची पिशवी बनते, ती प्रथिन घेऊन पेशी ओलांडते आणि पलीकडच्या बाजूला रिकामी होते. वसईच्या खाडीवरची तर जशी माणसे या काठावरून त्या काठावर नेते, तशीच ही ने-आण. इम्युनोग्लोब्युलिन-जी (सुमारे १५० किलोडाल्टन) या प्रतिपिंडाला ‘एफसीआरएन’ नावाचा ग्राही उचलतो. पिशवीतील आम्ल वातावरणात तो प्रतिपिंडाला घट्ट धरतो आणि पेशीबाहेरच्या ७.४ पीएचला सोडून देतो. जे प्रतिपिंड असे धरले जात नाही, त्याचे पेशीतच विघटन होते. या ग्राहीमुळेच इम्युनोग्लोब्युलिन-जीचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे २१ दिवस टिकते. आईची प्रतिपिंडे वारेतून गर्भाला मिळतात तीही याच ग्राहीमार्फत.

श्वासनलिकांतील मुख्य प्रतिपिंड मात्र इम्युनोग्लोब्युलिन-ए. ते बरेचसे श्वासनलिकेच्या भिंतीतच तयार होते आणि वेगळ्या ग्राहीच्या साहाय्याने श्लेष्म्यात येते. खोलवर वायुकोशांमध्ये इम्युनोग्लोब्युलिन-जीचे प्रमाण अधिक असते.

अल्फा-१ अँटिट्रिप्सिन : न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढताना इलॅस्टेज हे विकर सोडतात. ते आवरले नाही तर फुप्फुसाचे लवचीक तंतूच खाऊ लागते. त्याला निकामी करणारे हे ५२ किलोडाल्टनचे प्रथिन अंतःस्तराच्या पेशींतून सक्रियपणे पलीकडे नेले जाते. वायुकोशीय द्रवात त्याची पातळी रक्तातील पातळीच्या साधारण एक दशांश असते. १९६३ मध्ये स्वीडनमधील कार्ल-बर्टिल लॉरेल व स्टेन एरिक्सन यांनी या प्रथिनाची कमतरता आणि एम्फिसीमा यांचा संबंध दाखवला. झेड प्रकारच्या जनुकदोषात हे प्रथिन यकृतातच गुठळ्या होऊन अडकते आणि फुप्फुस उघडे पडते. हा दोष युरोपीय वंशाच्या लोकांत अधिक, तर भारतात विरळा आढळतो.

धुराचा परिणाम मात्र जनुकावर अवलंबून नाही. सिगारेटच्या धुराने या प्रथिनातील ३५८व्या स्थानावरील मेथिओनिन ऑक्सिडीभूत होते आणि इलॅस्टेजवरची त्याची पकड ढिली पडते. प्रयोगशाळेत धुराच्या अर्काने पेशीपार वहनही मंदावलेले दिसले आहे. चुलीच्या धुराने धूम्रपान न करणाऱ्यांनाही श्वासमार्गाचा दीर्घकालीन अडथळा जडतो, याकडे पुण्याचे डॉ. संदीप साळवी व पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधील लेखात लक्ष वेधले. पालघर जिल्ह्यात पूर्वेकडच्या पाड्यांवर लाकूडफाट्याच्या चुलीपुढे बसणाऱ्या बायांच्या धापेचा विचार करताना म्हणूनच विडी-सिगारेटची चौकशी पुरत नाही.

मापन : दुर्बिणीच्या नळीतून फुप्फुसात क्षारजल सोडून ते परत ओढून घेतात व त्यातील प्रथिने मोजतात. मूळ द्रव किती पातळ झाला, हे युरियावरून काढतात, कारण युरिया रक्तात आणि वायुकोशीय द्रवात सारख्याच प्रमाणात असतो.

वैद्यकीय उपयोग : बाळाच्या मांडीत टोचलेली न्यूमोकॉकल लस (पीसीव्ही) न्यूमोनियापासून संरक्षण देते, त्यात या वहनाचा मोठा वाटा आहे. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात ही लस ६ आठवडे, १४ आठवडे व ९ महिने या वयांत देतात. वसई-विरारमधील बाळांचे वेळापत्रकही तेच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘न्यूमोसिल’ ही दहा उपप्रकारांवरची लस २०२० च्या डिसेंबरमध्ये देशात दाखल झाली.

प्रतिपिंडे जन्मतःच तयार होत नसलेल्या मुलांना ती बाहेरून देता येतात. असा पहिला रुग्ण अमेरिकी बालरोगतज्ज्ञ ऑगडेन ब्रुटन यांनी १९५२ मध्ये नोंदवला. प्रतिपिंडांची टोचणी सुरू झाल्यावर त्या आठ वर्षांच्या मुलाचे वारंवार होणारे गंभीर संसर्ग थांबले. वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या मुलांची या दृष्टीने तपासणी मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होते. शिरेतून दिलेले इम्युनोग्लोब्युलिन-जी वायुकोशांपर्यंत पोहोचते, पण त्या औषधात इम्युनोग्लोब्युलिन-ए जवळजवळ नसते. म्हणून उपचार चालू असूनही काही मुलांना श्वासनलिकांचे संसर्ग होत राहतात आणि रक्ततपासणी समाधानकारक आली तरी छातीची नियमित तपासणी चालू ठेवावी लागते.