वळिवड्याची छावणी : निर्वासितांची हमी आणि सोबत

टोकावड्याहून मुरबाडमार्गे कल्याणकडे निघाले की पुढे उल्हासनगर लागते. लग्नाचा बस्ता बांधायला आमच्या भागातली माणसे अजूनही ‘कॅम्पात’ जातात. हा कॅम्प म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची हकिकतही वरवर अशीच. तिथेही सिंधी वस्ती, तिथेही कापडाची मोठी पेठ. फरक हा, की सिंधी कुटुंबांच्या आधी त्या जागेवर, वळिवड्याच्या छावणीत, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहून गेले होते.

ही माणसे आली कशी? १९३९ साली पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत सैन्याने व्यापला. पुढच्या दोन वर्षांत तिथली लक्षावधी माणसे सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार झाली. जुलै १९४१च्या करारानंतर त्यांना मोकळीक मिळाली. पुरुष सैन्यात गेले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे इराणमार्गे बाहेर पडली. त्यांतले काही कराचीला उतरले आणि १९४३ पासून वळिवड्यात येऊ लागले. त्याआधी १९४२ साली अनाथ मुलांची एक तुकडी ट्रकमधून मुंबईत आली होती. ती काही काळ वांद्र्याला राहिली आणि नंतर जामनगरजवळच्या बालाचडीला गेली.

या इतिहासात आपण जामसाहेब दिग्विजयसिंहजींचे औदार्य आठवतो. ते योग्यच आहे. पण राजाने जागा दिली म्हणून छावणीचे गाव होत नाही. खर्चाचे म्हणाल, तर वळिवड्याचा भार मुख्यतः लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारने उचलला. तेव्हा ही केवळ दानधर्माची गोष्ट नव्हती. मग चर्चने केले काय? माझ्या मते दोन गोष्टी : हमी आणि सोबत.

सोबत आधी पाहू. कोल्हापुरात ख्रिस्ती मिशन १८५२ पासून होते, पण ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन. पोलिश माणसे कॅथलिक. त्यामुळे त्यांनी चर्च छावणीतच उभारले आणि त्यांचेच धर्मगुरू तिथे काम पाहू लागले. चटईच्या भिंतींच्या, कौलारू बराकींत कुटुंबे राहत. शाळा, दवाखाना, नाट्यगृह, स्काउटची पथके हे सगळे आवारातच. छावणीत बहुसंख्य बायका आणि मुले. कर्ता पुरुष कुठल्या आघाडीवर आहे, जिवंत आहे की नाही, हे अनेक घरांना ठाऊक नव्हते. अशा ठिकाणी रविवारची प्रार्थना, नाताळ, बाप्तिस्मा आणि दफन यांनी दिवसांना आकार दिला. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आजही पोलिश कबरी आहेत. परक्या मुलखात आपला मेलेला माणूस आपल्या रीतीने पुरता येणे ही लहान गोष्ट नव्हे. प्रकृतीने नाजूक मुलांसाठी पाचगणीला वेगळी सोय होती, आणि तिथल्या कॉन्व्हेंट शाळेने पोलिश मुलींना वर्गात घेतले.

आता हमी. युद्ध संपल्यावर पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट आली. अनाथ मुलांना मायदेशी पाठवा, असा आग्रह सुरू झाला. आईबाप नसलेल्या मुलाच्या वतीने ‘नाही’ कोणी म्हणायचे? तेव्हा जामसाहेब, एक ब्रिटिश अधिकारी आणि बालाचडीचे प्रमुख फादर फ्रान्सिशेक प्लुता यांनी या मुलांना संयुक्तपणे दत्तक घेतले. एक राजा, एक सरकारी अधिकारी, एक धर्मगुरू. बालाचडी बंद झाल्यावर, १९४६ साली, तिथली मुले वळिवड्याला आली. पुढे फादर प्लुता त्यांच्यातल्या काहींना अमेरिकेतल्या कॅथलिक संस्थांकडे घेऊन गेले. वॉर्सा सरकारने त्यांच्यावर मुले पळवल्याचा ठपका ठेवला. दुसऱ्याच्या लेकरासाठी सही करणाऱ्याला अशी किंमतही मोजावी लागते.

१९४८च्या सुरुवातीला वळिवडे रिकामे झाले. ज्यांचे नातलग ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या पोलिश सैन्यात होते ते इंग्लंडला गेले. इतर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत पांगले. थोडे पोलंडला परतले. मागोमाग सिंधी कुटुंबे आली. त्यांनीही पक्क्या घरांची वाट न पाहता आपला टिकाणा, आपला झुलेलाल मांडला. धर्म वेगळा, गरज तीच.

आमच्या मुरबाड तालुक्याला विस्थापन नवे नाही. बारवी धरणाने गावे उठवली आणि काळू धरणाच्या प्रस्तावाने आणखी पाड्यांच्या डोक्यावर टांगती तलवार ठेवली. पुनर्वसनाची चर्चा इथे गुंठे, मोबदला आणि नोकरी यांवरच थांबते. ते तर मिळालेच पाहिजे. पण नव्या जागी गावदेवी कुठे बसणार, मसणवट कुठे असणार, पोरक्या पोरासाठी आणि एकट्या बाईसाठी सही कोण करणार, हे प्रश्न कुठल्याच अर्जात नसतात. वळिवड्यात त्यांची उत्तरे पहिल्याच वर्षांत शोधली गेली, आणि म्हणूनच पाच वर्षांच्या त्या मुक्कामाला जगभर पांगलेली ती मुले म्हातारपणीही ‘आपले गाव’ म्हणून पाहायला कोल्हापुरात येत राहिली.