जलसा : नाशिकच्या भर चौकातला सवाल

जलसा म्हणजे तमाशाच्या साच्यातून घडलेली प्रबोधनाची लोककला. सत्यशोधक कार्यकर्त्यांनी ती उभी केली आणि १९३० नंतर आंबेडकरी चळवळीने तिला नवा आशय दिला. गाव कोणाचे, देऊळ कोणाचे, पाणवठा कोणाचा, हे प्रश्न विचारण्याची ज्यांना मुभा नव्हती, त्यांनी ते जलशातून भर चौकात विचारले. नाशिक जिल्ह्याचा या कलेशी जवळचा संबंध आहे.

महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. समाजाचे विचार पुस्तकांतून मांडले जात होते. पण ज्यांच्यासाठी ते मांडायचे, त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. तमाशा मात्र गावोगाव ठाऊक होता. ओतूरचे भीमराव महामुनी हे सत्यशोधक जलशाचे आद्य प्रवर्तक मानले जातात; पुढे सातारा भागात रामचंद्र घाडगे यांच्या जलशाने नाव मिळवले. गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम ओळखीचाच राहिला, आशय मात्र पालटला. शृंगार मागे पडला आणि सावकारी, भटशाही, अज्ञान, लग्नातला वारेमाप खर्च हे विषय पुढे आले.

नाशिकमध्ये सत्यशोधक विचाराला शाळांचे रूप मिळाले. त्याच विचाराच्या मंडळींनी १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाचा पाया घातला. १५ एप्रिल १९२० रोजी राजर्षी शाहू महाराजांनी नाशिकला येऊन विद्यार्थी वसतिगृहाची कोनशिला बसवली. आज गंगापूर रोडवर संस्थेच्या उदोजी मराठा बोर्डिंगचे आवार आहे. रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे आणि अण्णासाहेब मुरकुटे यांच्या नावाचे के.टी.एच.एम. महाविद्यालयही याच रस्त्यावर आहे. या रस्त्याची शैक्षणिक ओळख कोणत्या विचारातून घडली, हे त्यावरून कळते.

याच शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्री-पुरुष मिरवणुकीने मंदिराकडे निघाले आणि बंद दारांपाशी अडवले गेले. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा लढा पुढे काही वर्षे नेटाने चालवला. दार उघडले नाही. पण लढ्याची बातमी वस्त्यावस्त्यांत पोचवणे गरजेचे होते आणि ते काम जलशांनी अंगावर घेतले. त्यांत भीमराव कर्डक यांचा नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा अग्रणी होता.

या जलशाला रंगमंच लागत नसे. वस्तीतले मोकळे अंगण, एखादी गॅसबत्ती, ढोलकी आणि तुणतुणे एवढ्यावर भागे. कलावंत बहुधा कष्टकरी, प्रेक्षकांतलेच. देवदेवतांच्या स्तवनाऐवजी गणात भीमवंदना येई. नाचीला स्थान नव्हते. जलशाची प्रतिष्ठा राखण्यासाठी ते आवश्यक वाटले असले, तरी त्यामुळे रंगणातून बाईच हद्दपार झाली, ही या कलेची मोठी उणीव मानली पाहिजे. खरी रंगत सवाल-जवाबात असे. एक पात्र रूढीची बाजू घेई : मेलेली जनावरे ओढणे हे आपले परंपरागत काम, ते सोडले तर गाव काय म्हणेल? दुसरे पात्र त्यालाच उलटे विचारी : गावाचे काम आपण करायचे, मग गावच्या पाण्यावर आपला हक्क का नाही? दोन्ही बाजू घरोघरच्या बोलीत मांडल्या जात. त्या काळी हाच वाद घराघरांत चालू होता, त्यामुळे ऐकणारा माणूस त्यात आपोआप ओढला जाई. सभेतले भाषण ऐकून माणसे उठून जात. जलशातले पद मात्र दुसऱ्या दिवशी कामावरही गुणगुणले जाई. प्रचारकी म्हणून या कलेला दुय्यम ठरवणाऱ्यांनी तिची ही ताकद लक्षात घेतलेली नाही.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि मंदिर प्रवेशाचा विषय मागे पडला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जलशांची जागा हळूहळू गायन पार्ट्यांनी आणि भीमगीतांनी घेतली. कर्डकांनी आपल्या काळातल्या या कलेची माहिती ‘आंबेडकरी जलसे’ या पुस्तकात नोंदवून ठेवली. स्वतः कलावंताने लिहिलेले असल्याने ते अभ्यासकांना मोलाचे वाटते. पुढच्या पिढीतले सर्वांत मोठे नाव वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. मोठेपणी अक्षरओळख झालेल्या या लोककवीने हजारो गीते रचली आणि ती गावोगाव स्वतः गायली. १५ मे २००४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.