खिन्नतेचीं निरनिराळीं रूपें



शिक्षक असतांना एका हुशार मुलास ‘आळशी’ म्हणून मीं वर्गांत उभें केलें होतें. त्याला झोंप लागत नसे, अन्न गोड लागत नसे, आवडत्या गणितांतहि त्याचें मन रमेनासें झालें होतें. तो आळस नव्हता, नैराश्याचा आजार असावा, असें आज मला वाटतें.

हा भेद फार जुना आहे. हिपोक्रेटिसच्या परंपरेंतील ग्रीक वैद्य दीर्घकाळ टिकणाऱ्या भीतीचें व खिन्नतेचें मूळ शरीरांतील ‘काळ्या पित्तां’त शोधीत. कारण चुकलें, परंतु खिन्नता हा रोग ठरला, हें कांहीं थोडें नव्हे. १६२१ सालीं रॉबर्ट बर्टन या इंग्रज धर्मोपदेशकानें या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वतःची खिन्नता टाळण्यासाठींच आपण लेखणी धरली, असें तो सांगतो.

१८९९ सालीं जर्मन वैद्य क्रेपेलिन यांनीं उन्माद व विषाद यांचे झटके एकाच रोगांत गणले. पुढें १९५७ सालीं लेओनहार्ड यांनीं त्यांत दोन प्रकार पाडले : एकांत केवळ विषाद, तर दुसऱ्यांत विषाद व उन्माद दोन्ही. हा नुसता शब्दच्छल नव्हे. पहिल्यावरील औषध एकटेंच दिल्यास दुसऱ्यांतील रोग्यास कधीं उन्माद चढतो. बाळंतपणानंतर येणारी व वर्षानुवर्षें मंद धुमसणारी, अशीं खिन्नतेचीं आणखीहि रूपें आज ओळखतात.

घरांत कोणी दोन आठवडे असें खिन्न राहिल्यास उपदेश न करितां डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. माझा तो शब्द मला परत घेतां येत नाहीं. आपणांस मात्र उच्चारण्यापूर्वीं थांबतां येईल.